उरलेल्या उन्हाचा हिशेब

आपल्या घरांतून उरलेली वस्तू वाया घालविण्याची चाल कधीच नव्हती. रात्रीचा भात उरला तर सकाळी त्याची पेज होई, नारळाची करवंटी चुलीत जाई, आणि तांदळाच्या धुवणाची वाट गोठ्यातील गाय पाहत असे. गृहिणीच्या डोळ्यांना जे दिसे, ते ती सांभाळी. परंतु अलीकडे आपल्या कौलांवर आणि गच्चीवर एक असे पीक येऊ लागले आहे की, ते उरले तरी कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. ते पीक म्हणजे सोलर पॅनेलमधून निघणारी वीज. ती किती पिकली हे यंत्र सांगते. किती उरली हे बिलावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आणि तिचे पुढे काय झाले, हे पुष्कळशा कुटुंबांना ठाऊकच नसते. आम्हांलाही ते ठाऊक नव्हते, आणि आमच्या अज्ञानाची किंमत घरातील सर्वांत वडील माणसाने दिली. ती हकीकत प्रथम सांगून मग मुद्द्याकडे वळणे बरे.

आमची चूक

आम्ही घरावर तीन किलोवॅटची पॅनेल बसविली ती पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. पतपेढीचे थोडे कर्ज काढले, सरकारी साहाय्य मिळाले, आणि दुतर्फा मोजणारे नवे मीटर भिंतीवर लागले. दिवसा घरात खपून उरलेली वीज तारांतून बाहेर जाते आणि तेवढी युनिटे आपल्या नावे जमा होतात, हे कळल्यावर आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. रोज संध्याकाळी आम्ही मीटरपुढे उभे राहून, बँकेचे पासबुक पाहावे तसे आकडे पाहू लागलो. जमा वाढली पाहिजे, एवढाच ध्यास लागला. दुपारी पंखे बंद ठेवण्याचा, गीझर न लावण्याचा नियम आम्ही घरात काढला. डिसेंबरच्या थंडीत आमच्या मातोश्रींचे गुडघे दुखत. त्यांना ऊन पाणी हवे असे. परंतु पाणी चुलीवर तापवावे, आणि चुलीपुढे वाकायचे त्यांनीच, असा प्रकार सहा महिने चालला.

एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘पुता, ऊन देवाने फुकट दिले, पॅनेल तू कर्ज काढून घातलीस, आणि तरी मी लाकडेच फुंकायची का?’’

‘‘आई, थोडे सोसा. जमा राहिले की पुढे उपयोगी पडेल,’’ असे आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितले.

एप्रिलचे बिल आले तेव्हा जमेच्या रकान्यात शून्य होते. हजारावर युनिटे नाहीशी झाली होती, आणि त्यांच्या बदल्यात एक लहानशी रक्कम वळती केलेली होती. वीज विकत घेताना आम्ही जो दर देतो, त्याच्या मानाने ती फारच थोडी होती. कचेरीत चौकशी केली असता तेथील कारकुनाने आम्हीच सही केलेला करारनामा शांतपणे आमच्यापुढे ठेवला. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, त्या दिवशीची शिल्लक ठराविक दराने विकत घेतली जाते आणि नवे खाते शून्यापासून सुरू होते, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. दोष कोणाचाच नव्हता. आम्ही वाचले नव्हते, इतकेच. घरी येऊन ही गोष्ट मातोश्रींना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे आम्हांला अधिक लागले.

वीज उरते म्हणजे काय होते?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट जगापुढे मांडला. त्यावर पडलेल्या उन्हापैकी शेकडा सहाच्या आसपास भागाची वीज होई. आजच्या चांगल्या पॅनेलमध्ये शेकडा वीस आणि त्याहूनही अधिक भागाची होते. आपल्या प्रदेशात एक किलोवॅटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिटे देतात. म्हणजे तीन किलोवॅटच्या घरी रोज बारा युनिटे पिकली असे धरावे. साधे खेड्यातील कुटुंब महिन्याला शंभर ते दीडशे युनिटे खर्च करते. तेव्हा निम्म्याहून अधिक पीक उरणार, हे उघड आहे.

अडचण वेळेची आहे. पीक येते ते मुख्यत्वे सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात, आणि घर वीज मागते ते दिवेलागणीनंतर. तांदूळ कणगीत भरून ठेवता येतो, वीज तशी ठेवता येत नाही. जी त्या क्षणी खपत नाही ती तारांतून शेजारीपाजारी जाते आणि मीटरवर आपल्या नावे जमा होते. ही जमा म्हणजे धान्य नव्हे, ती धान्याची चिठ्ठी आहे. आणि त्या चिठ्ठीला मुदत असते. काही राज्यांत ती मुदत वर्षअखेरपर्यंत, तर काही ठिकाणी प्रत्येक बिलापुरतीच असते. म्हणून पहिली विनंती अशी की, आपल्या करारनाम्यातील ही एक ओळ प्रत्येक कुटुंबप्रमुखाने स्वतः वाचावी, आणि वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी.

वर्षाचे पंचांग

ज्यांच्या हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते, त्यांच्यासाठी आम्ही ठेच लागल्यावर एक साधे पंचांग बसविले आहे. पावसाच्या प्रदेशात राहणाऱ्यांना ते विशेष उपयोगी पडेल.

एप्रिल आणि मे हे महिने साठवणीचे. ऊन कडक असते, आणि या दोन महिन्यांची जमा पुढच्या पावसाळ्यात कामी येते. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते. पीक निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्या वेळी एप्रिल-मेची जमा खुशाल खर्च करावी. ऑक्टोबरपासून पुन्हा पीक भरू लागते, परंतु आता पुढे पावसाळा नाही, मार्चअखेरचा हिशेब आहे. म्हणून ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत उरलेली वीज मोकळ्या हाताने घरच्या कामी लावावी. रानात पडलेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठविणाऱ्यांचे काय झाले, हे आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतात. आम्ही मात्र नेमके साठवणीच्या महिन्यांत नव्हे, तर खर्चाच्या महिन्यांत कंजूषपणा केला.

उरलेली वीज कोठे लावावी?

प्रथम स्वयंपाकघर. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये जेवढा स्वयंपाक होतो, तेवढाच स्वयंपाक विजेच्या इंडक्शन शेगडीवर करावयास सुमारे सव्वाशे युनिटे लागतात, असा हिशेब निघतो. ज्या घरी महिन्याला साठ युनिटे उरतात, त्या घरी अर्धा सिलिंडर वाचतो. दुपारचा भात, डाळ, कडधान्याची उसळ ही कामे दहा ते बाराच्या दरम्यान या शेगडीवर उरकावी. तिला सपाट बुडाचे लोखंडी अथवा चुंबक चिकटेल असे स्टीलचे भांडे लागते. मातीच्या भांड्यातले हुमण आणि ॲल्युमिनियमची पातेली तिच्यावर चालत नाहीत. हुमणाची चव मातीच्या भांड्यावाचून येत नाही, हा आमच्या वहिनींचा आक्षेप आम्हांलाही मान्य आहे. त्यासाठी गॅस आहेच. शेगडी लावण्यापूर्वी मात्र स्वयंपाकघरात जाड तारेचा, १६ अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग करून घ्यावे. जुन्या, बारीक तारेवर दोन हजार वॅटची शेगडी लावणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी होय.

दुसरे, ऊन पाणी. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे तीन युनिटे लागतात. गीझरची टाकी चांगल्या आवरणाची असेल तर दुपारी तापविलेले पाणी संध्याकाळी शेतावरून येणाऱ्याला पुरेसे ऊन मिळते. उन्हाची उष्णता पाण्याच्या रूपाने साठवून ठेवण्याची ही बॅटरीहून कितीतरी स्वस्त रीत आहे.

तिसरे, पाणी चढविणे. हजार लिटर पाणी पंधरा मीटर चढविण्यास घरगुती पंपाला एक दशांश युनिटाच्या आसपास वीज पुरते. एवढ्याने फार मोठी उरलेली वीज खपणार नाही; परंतु टाकी पहाटे भरण्याऐवजी दुपारी भरावी, म्हणजे अंधारात विहिरीकडे जाणेही टळते.

चौथे, घरघंटी, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री. ही सारी कामे संध्याकाळची दुपारी आणावी. एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी. दोन मोठी यंत्रे एकाच वेळी लावली तर पॅनेलची वीज अपुरी पडून बाहेरची वीज आत येते. ज्यांचा हिशेब वर्षअखेर होतो त्यांचे त्यात फारसे नुकसान नाही. परंतु जेथे बाहेर दिलेल्या विजेचा दर कमी आणि आत घेतलेल्या विजेचा दर जास्त धरला जातो, तेथे एकामागून एक काम काढणे हाच शहाणपणा. नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात नारळ वाटणे, पीठ दळणे, केक भाजणे ही कामे दुपारीच काढावी. डिसेंबरचे ऊन त्यासाठी मुबलक असते.

पाचवे, वाहन. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटांत भरते आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर चालते. दुपारी जे वाहन घरी उभे असते, त्याच्याच कामी हे येईल. जे सकाळी शहरात जाते आणि रात्री परतते, त्याला रात्रीच वीज द्यावी लागणार. तेथे मीटरवरची जमा उपयोगी पडते.

एक गैरसमज आणि एका माणसाचा जीव

सणाच्या दिवशी भर दुपारी, पाहुण्यांनी घर भरलेले असताना, गावातील वीज गेली. आमच्या छपरावर ऊन तापत होते, पॅनेल चकाकत होती, आणि आमचे पंखे मात्र थांबलेले. पाहुणे हसले. आम्हांला वाटले, यंत्र बिघडले. वस्तुतः यंत्र आपले कर्तव्य करीत होते. बाहेरची वीज गेली की साध्या पद्धतीचे सौर यंत्र आपोआप बंद पडते, आणि ते तसेच पडले पाहिजे. कारण खांबावर चढलेला लाइनमन तार मेलेली आहे अशा समजुतीने काम करीत असतो. त्या वेळी आपल्या छपरावरची वीज त्या तारेत गेली, तर कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष खाली कोसळेल. म्हणून ही सोय काढून टाकण्यास अथवा चोरवाटेने वीज घरात फिरविण्यास सांगणारा कोणी हुशार मिस्त्री भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

ज्या गावी वीज वरचेवर जाते, तेथे बॅटरीसह चालणारे यंत्र घेता येते. ते महाग असते, बॅटरीत भरताना व काढताना काही वीज गळते, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. घरात ऑक्सिजनचे यंत्र लागणारा रोगी असेल, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतील, तर हा खर्च सार्थकी लागतो. केवळ उरलेली वीज वाया जाऊ नये एवढ्यासाठी बॅटरी घेणे मात्र सहसा परवडत नाही.

शेजारधर्म

आपल्याकडे वीज उरते, आणि कुंपणापलीकडच्या घरी बिलाच्या धास्तीने पंखा लागत नाही, हे पाहून कोणाच्याही मनाला चुटपुट लागावी. तरीही कुंपणावरून तार ओढून शेजाऱ्याला वीज देणे कायद्यात बसत नाही आणि ते धोक्याचेही आहे. परंतु वीज देता आली नाही तरी विजेचे काम देता येते. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंचे दळण आपल्या घरघंटीवर दुपारी मोफत दळून द्यावे. त्यांची मासळी आपल्या फ्रीजमध्ये राहावी. त्यांच्या नातवंडांनी मे महिन्यात आपल्या पडवीत पंख्याखाली बसून अभ्यास करावा. त्याचे पैसे मात्र घेऊ नयेत. घरगुती जोडणीवर धंदा चालविला की नियम बदलतात, आणि शेजारधर्मही उरत नाही.

गावाचे आणि संस्थांचे उदाहरण

एकट्या घराहून संस्थांच्या छपरांवर वीज अधिक उरते. शाळेचेच पाहा. मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असते आणि शाळेला सुटी असते. देवळात गर्दी रविवारी, आणि ऊन मात्र सातही दिवस. या बाबतीत व्हॅटिकनचे उदाहरण बोलके आहे. तेथील पोप सहावे पॉल यांच्या नावाच्या सभागृहावर २००८ साली, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत, सुमारे २४०० सोलर पॅनेल बसविण्यात आली. सभागृह रोज भरत नाही. ते रिकामे असते तेव्हा छपरावरची वीज व्हॅटिकनच्या इतर इमारतींना जाते. पुढे २१ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ‘बंधू सूर्य’ अशा अर्थाच्या नावाचे पत्र काढून, रोमजवळील सांता मारिया दि गालेरिया येथील जमिनीवर शेती आणि सौर वीज एकत्र चालविण्याची आज्ञा दिली.

एका छपरावरची जमा अनेक मीटरांत वाटून देण्याची सोय आपल्या देशातही काही ठिकाणी झाली आहे. दिल्लीत २०१९ साली तसे नियम निघाले. आपल्या राज्यात ती सोय आहे किंवा नाही, याची चौकशी पॅरिश कमिटीने वीज कचेरीत अवश्य करावी. असेल, तर शाळेच्या छपरावरची मे महिन्याची वीज दवाखान्याच्या किंवा वृद्धाश्रमाच्या बिलात वळती होऊ शकेल.

गुजरातेत राहणाऱ्या आमच्या वाचकांना खेडा जिल्ह्यातील धुंडी हे गाव परके नसावे. तेथील सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनीला २५ वर्षांच्या कराराने, युनिटाला ४ रुपये ६३ पैसे दराने, विकावयास सुरुवात केली. यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. सौर पंपाची वीज फुकट, म्हणून शेतकरी दिवसभर पंप चालू ठेवतो आणि जमिनीखालचे पाणी आटत जाते. उरलेल्या विजेला गिऱ्हाईक मिळाले की पंप वेळेवर बंद करण्यातच लाभ होतो. आपल्या कुळागरात आणि भाजीच्या मळ्यात हीच सावधगिरी हवी. वीज उरली म्हणून विहीर उपसणे हा तिचा सदुपयोग नव्हे. मेहसाणा जिल्ह्यातील मोढेरा गावी तर दिवसाची वीज मोठ्या बॅटऱ्यांत भरून रात्री गावाला देण्याची योजना झाली, आणि ९ ऑक्टोबर २०२२ रोजी ते चोवीस तास सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तेथील तेराशेंहून अधिक घरांवर पॅनेल बसली आहेत.

नव्याने पॅनेल घेणाऱ्यांस

२०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेत केंद्र सरकारचे साहाय्य एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये असे ठेवले आहे. तीनच्या पुढे कितीही वाढविले तरी साहाय्य तेवढेच राहते. यास्तव छपरावर जागा आहे म्हणून पाच किलोवॅट घालण्याचा मोह धरू नये. मागील बारा महिन्यांची बिले एकत्र ठेवून खर्चाची बेरीज करावी, त्यात इंडक्शन शेगडी किंवा स्कूटर घेण्याचा विचार असेल तर तेवढी युनिटे मिळवावी, आणि त्या मानाने पॅनेल घ्यावी. एक किलोवॅटचे वार्षिक पीक चौदाशे युनिटांच्या आसपास धरावे. माडाची सावली पॅनेलवर पडत असेल तर पीक त्याहून खूपच कमी येते, हेही आधीच पाहून घ्यावे. कर्जाचा हप्ता दर महिन्यास द्यावा लागतो. न लागणाऱ्या विजेसाठी काढलेले कर्ज ऊन फेडीत नाही.

शेवटी

आमच्या घरचा नियम आता पालटला आहे. ऑक्टोबर लागला की सकाळी अकराला आमच्या वहिनी हाक मारतात, ‘‘भावजी, ऊन वर आले, गीझर लावा.’’ तो लावणे हे काम आम्ही आपणांकडे ठेवले आहे. प्रायश्चित्त म्हणा हवे तर. मातोश्री दुपारी ऊन पाण्याने स्नान करतात, पंख्याखाली घटकाभर पडतात, आणि चारला जपमाळ घेऊन पडवीत बसतात. मार्चअखेर आमच्या खात्यात आता फारसे काही उरत नाही. पूर्वी त्या शून्याचे आम्हांला दुःख झाले होते. आता ते शून्य पाहून समाधान वाटते, कारण त्या वर्षीचे ऊन कोणाच्या ना कोणाच्या अंगी लागलेले असते.

वाचकहो, आपल्याही घरी कोणी वडील माणूस जमा वाढावी म्हणून उकाड्यात किंवा थंडीत बसलेले नाही ना, हे आज घरी गेल्यावर एकदा पाहा. मीटर त्यानंतर पाहिले तरी चालेल.